प्रॉडक्ट मॅनेजमेंट कोणाला मानवते?

प्रॉडक्ट मॅनेजर हे पद अकोला-अमरावतीच्या कानाला तसे नवे नाही. औषध कंपन्यांच्या एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) मंडळींच्या बोलण्यात ते अनेक वर्षे आहे, बियाणे आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांतही आहे. नवे आहे ते त्याचे सॉफ्टवेअरमधले रूप. बडनेऱ्याच्या किंवा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पुण्याला गेलेला मुलगा दोन-तीन वर्षे कोडिंग करतो आणि एका दिवाळीला घरी येऊन सांगतो, की आता प्रॉडक्टमध्ये जायचे आहे. घरच्यांना वाटते, हा आता माल विकणार. समजूत पूर्ण बरोबर नाही, पण कोडिंगपेक्षा या कामात माणसांशी संबंध जास्त येतो, एवढे त्यांनी नेमके ओळखलेले असते.

हे काम एका वाक्यात असे सांगता येईल: कोणाची कोणती अडचण सोडवायची, त्यासाठी काय बनवायचे, त्यातले आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणे; आणि बनलेली वस्तू लोक खरोखर वापरतात का, याची जबाबदारी घेणे. कोड लिहिणारे वेगळे असतात, पडद्यावरची मांडणी करणारे वेगळे, विकणारे वेगळे. यांतले कोणीही प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसते. त्यांच्या पगारवाढीवर त्याची सही नसते. तरीही वस्तू फसली तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. नावातल्या साधर्म्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजरशी त्याची नेहमी गल्लत होते. ठरलेला पूल ठरलेल्या वेळेत आणि पैशात उभा करणे हे प्रोजेक्ट मॅनेजरचे काम. पूल इथेच हवा का, की लोकांना तो फाटकापाशी जास्त उपयोगी पडेल, हा प्रॉडक्ट मॅनेजरचा प्रश्न.

या पदाचे मूळ साबणाच्या धंद्यात आहे. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय या तरुण कर्मचाऱ्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिले. त्याच्याकडे कॅमे साबणाचे काम होते आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमे झाकोळला जात होता. एका साबणाच्या मागे एक माणूस पूर्णवेळ असावा, खप कुठे वाढतो, कुठे पडतो आणि का, हे त्याने जागेवर जाऊन पाहावे, अशी त्याची मागणी होती. पुढे हीच कल्पना यंत्रांच्या आणि नंतर संगणकांच्या कंपन्यांनी उचलली. जागेवर जाऊन पाहणे हा त्या टिपणातला मुद्दा आजही या पदाचा गाभा आहे, आणि हे काम आपल्याला मानवेल का, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे काम समजावून सांगायला सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. सातबाऱ्यावरच्या गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने राज्याने त्यासाठी मोबाईल ॲप आणले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू केले. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती पाठवायची. कागदावर कल्पना सरळ आहे. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी धुऱ्यावर उभे राहिले की ती किती ठिकाणी अडू शकते हे दिसते. काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटलेला, फोटो काढायला एकच हात मोकळा. रेंज दोन काड्यांची. कास्तकाराचा फोन बटणांचा, स्मार्टफोन असलेला मुलगा पुण्याला. सोयाबीनमध्ये तुरीचे तास, तेव्हा पीक कोणते लिहायचे? सामायिक सातबाऱ्यावर चार भावांची नावे, वाटणी फक्त तोंडी झालेली. क्षेत्र एकरात तोंडपाठ, ॲप मागते हेक्टर-आर.

२०२२ च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. भरलेली नोंद चुकली असेल तर अठ्ठेचाळीस तासांत शेतकऱ्याला स्वतःच ती दुरुस्त करता येऊ लागली. फोटो काढणारा त्या गटाच्या हद्दीत नसेल तर तसा संदेश दिसू लागला. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि त्यांतल्या दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, असेही ठरले. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय होतीच. ज्यांची नोंद तरीही राहते त्यांच्यासाठी पुढे गावपातळीवर सहायक नेमले गेले.

यातला एकेक बदल वेगळा काढून पाहावा. दुरुस्तीला मुदत दिली नाही तर एका चुकीच्या बोटासाठी माणसाला तालुक्याला जावे लागते. दुरुस्ती बेमुदत खुली ठेवली तर नोंदीला अर्थ उरत नाही. म्हणजे कुठे तरी रेघ ओढावी लागते, आणि ती अठ्ठेचाळीस तासांवर का, चोवीसवर का नाही, याचे उत्तर देणारा कोणी तरी लागतो. सगळ्या नोंदी तपासायच्या तर तलाठ्याचा वेळ वाचवण्याचा हेतूच बुडतो. एकही तपासायची नाही तर खोट्या नोंदींना रान मोकळे. सहायक नेमणे हा तर सॉफ्टवेअरमधला बदलच नव्हे. काही लोकांची अडचण ॲपने सुटणारी नाही, तिथे माणूसच लागेल, ही त्यातली कबुली आहे. सरकारी खात्यात या निर्णयांना कोणतेही नाव असो, कामाच्या स्वरूपाने हेच प्रॉडक्ट मॅनेजमेंट आहे. ज्याला हे वाचताना रेघ कुठे ओढावी यावर स्वतःचे मत सुचू लागते, आपले मत चुकीचे ठरवणारा शेतकरी कोण असेल हेही आठवू लागते, त्याचा कल या कामाकडे आहे असे मानायला हरकत नाही. ज्याला ॲप कोणत्या भाषेत लिहिले असेल याचेच कुतूहल वाटले, त्याने बहुधा अभियंता राहावे. त्यात कमीपणा काही नाही. उलट चांगला अभियंता मिळणे मध्यम प्रॉडक्ट मॅनेजर मिळण्यापेक्षा कठीण असते.

मात्र कल एकसारखा असूनही क्षेत्र चुकू शकते. सल्ला देणारे बहुतेक जण सॉफ्टवेअरपुरतेच बोलतात, म्हणून हा फरक सहसा सांगितला जात नाही. प्रॉडक्ट मॅनेजरला आपला निर्णय बरोबर होता की चूक हे किती दिवसांनी कळते, यावर त्याचे रोजचे जगणे ठरते. सॉफ्टवेअरमध्ये दोन आठवड्यांत एक बदल बाहेर पडतो आणि किती जणांनी बटण दाबले हे दुसऱ्या दिवशी आकड्यांत दिसते. चूक लगेच कळते, लगेच सुधारते, आणि दर सोमवारी नवा वाद उभा राहतो. बियाण्यात तसे नाही. जूनमध्ये विकलेल्या पिशवीचा निकाल दिवाळीला लागतो, आणि त्यात पावसाचा वाटा किती, बियाण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड. नवा वाण तयार व्हायला तर अनेक वर्षे जातात.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ हा कापसाचा संकर या संथ चक्राचे बोलके उदाहरण आहे. १९८१ मध्ये तो आला आणि कोरडवाहू विदर्भात रुजला. २००२ मध्ये देशात बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही हंगामांतच शेतकऱ्याचा दुकानातला प्रश्न बदलला. आधी तो बोंड किती मोठे आणि झाड पाण्याचा ताण किती सोसते हे विचारी. आता बोंडअळीचे काय, हे आधी विचारू लागला. संकर वाईट झाला नव्हता, घेणाऱ्याची अडचण बदलली होती. अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीज या राज्य बियाणे महामंडळाच्या साथीने विद्यापीठाने पुढे या संकराचे बीटी रूप आणले, तेव्हा मधली बरीच वर्षे निघून गेली होती. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली होती. २०१७ च्या हंगामाने विदर्भाला ते दाखवून दिले. ज्याला उत्तरासाठी एवढे थांबणे जमते, वर्षातून एकदाच परीक्षा असली तरी जो अस्वस्थ होत नाही, त्याला बियाण्याचे क्षेत्र सॉफ्टवेअरपेक्षा अधिक मानवते. कृषी पदवीधरांनी याचा विचार सहसा केलेला नसतो. त्यांच्यापुढे कृषी अधिकाऱ्याची परीक्षा किंवा कंपनीत विक्री, हे दोनच रस्ते मांडले जातात.

औषध कंपनीतले काम तिसऱ्याच धाटणीचे. तिथला प्रॉडक्ट मॅनेजर औषध शोधत नाही. ते तयार असते, आणि तेच औषध आणखी पंधरा कंपन्याही विकत असतात. डॉक्टरच्या केबिनमध्ये एमआरला मिळणाऱ्या दोन मिनिटांत काय दाखवायचे, कोणत्या डॉक्टरला दाखवायचे आणि काय मुळीच बोलायचे नाही, हे तो ठरवतो. एमआरच्या बॅगेतले व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरला दाखवायची सचित्र पाने, त्याच्या टेबलावर तयार होते. बी.फार्म. करून काही वर्षे अकोल्याच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हे काम आतून ठाऊक असते, आणि मुख्यालयात थेट बसलेल्या एमबीएपेक्षा त्याचे टिपण अधिक खरे उतरते.

आपला कल ओळखण्यासाठी महागडा अभ्यासक्रम घेण्याची गरज नाही. हप्त्यांवर विकली जाणारी प्रमाणपत्रे शब्दसंपत्ती देतात: रोडमॅप, बॅकलॉग, स्प्रिंट. हे शब्द नोकरीतल्या पहिल्या महिन्यात फुकट शिकता येतात. स्वभाव मात्र प्रमाणपत्रातून कळत नाही. तो तपासायला आपल्या गावातली एक लहान अडचण आणि महिनाभराच्या संध्याकाळी पुरतात.

समजा, अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एकाला वाटले, की इथे जागेवरून रोज भांडणे होतात, तर जागा राखायला ॲप करावे. बहुतेक इच्छुक इथूनच ॲपचे चित्र काढायला बसतात. तसे न करता त्याने दहा दिवस फक्त पाहिले, आणि दहा जणांना विचारले. तेही "ॲप हवे का" असे नाही, तर "काल काय झालं होतं" असे. ॲप हवे का म्हटल्यावर सगळे हो म्हणतात, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. कालचे भांडण सांगताना माणूस खरे बोलतो. दहा दिवसांनी वहीत भलतेच निघाले. खुर्च्या पुरेशा होत्या. लोक जेवायला जाताना पुस्तकांचा ढीग ठेवून जागा अडवीत होते, कारण ती जड पुस्तके खोलीवर नेण्या-आणण्याचा कंटाळा होता; आणि भांडण व्हायचे ते भिंतीलगतच्या रांगेसाठी, कारण चार्जिंगचे पॉइंट तिथेच होते. उपाय म्हणून निघाले कुलपाचे कपाट आणि वायरीचे दोन एक्स्टेंशन बोर्ड. ॲप गेले.

या ठिकाणी माणसाने स्वतःकडे नीट पाहावे. आपले ॲप गेल्याचे वाईट वाटले आणि तरी कपाट सुचल्याचा आनंद त्याहून मोठा होता, तर हे काम त्याचे आहे. कपाट फारच किरकोळ वाटले, काही तरी भव्य करायचे होते ते राहून गेले असे वाटले, तर नोकरीतही तेच वाटत राहील. कारण तिथले बहुतेक दिवस कपाटाचेच असतात. आणि पाहण्या-विचारण्याचे ते दहा दिवसच कंटाळवाणे वाटले, तर पुढे जाऊ नये.

यानंतरची पायरी लिहिण्याची. अडचण कोणाची, ती खरी कशावरून, काय करायचे, काय करायचे नाही, आणि ते जमले हे कशावरून कळेल, एवढे एका पानात मराठीत लिहावे आणि अभ्यासिका चालवणाऱ्याला द्यावे. त्याने पैसे कोण देणार असे विचारले की खरी परीक्षा सुरू होते. कपाटाचा खर्च महिन्याच्या फीमध्ये टाकायचा की कुलपाचे वेगळे भाडे घ्यायचे? वेगळे भाडे लावले तर गरजू मुलगा पुन्हा पुस्तकांचा ढीगच ठेवील. मालक आपला नोकर नाही, मुले आपले ऐकायला बांधलेली नाहीत, हातात अधिकार शून्य आणि तरी गोष्ट घडवून आणायची आहे. नोकरीतही अधिकार याहून फारसे वाढत नाहीत. "मॅनेजर" शब्दातल्या रुबाबासाठी येणारे इथे हमखास निराश होतात.

पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची सुरुवातही अशीच, लोकांची अडचण आधी पाहण्यातून झाली. कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि पुढे स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारे संगणक पुन्हा पुन्हा व्हायरसनेच बिघडलेले असत. ही एक तक्रार नाही, रांग आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाला, संजय यांना, त्यांनी त्यावर उपाय लिहायला लावले. १९९५ मध्ये ते उत्पादन बाजारात आले; २०१६ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. कोड एकाने लिहिला, काय लिहायचे ते दुकानाच्या काउंटरवरून दुसऱ्याला दिसले. कृषी सेवा केंद्र, मेडिकल, डाळ मिल, अडत अशा घरांत वाढलेल्या मुलांनी लहानपणापासून असा काउंटर पाहिलेला असतो. शेतकऱ्याने मागितलेली पिशवी बाजूला ठेवून दुकानदाराने दुसरी का पुढे केली, आणि शेतकऱ्याने ती का घेतली, हे त्यांना शिकवावे लागत नाही. मुलाखतीत मात्र ते हा अनुभव लपवतात आणि पाठ केलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या गोष्टी सांगतात.

घरी असा काउंटर नसेल, तर गिऱ्हाईक पाहण्याची संधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आयतीही मिळते. विद्यापीठाची शिवार फेरी आणि २७ डिसेंबरच्या, म्हणजे पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास भरणारे कृषी प्रदर्शन इथे हजारो शेतकरी येतात. एका अवजारापाशी दोन तास उभे राहून कोण थांबतो, कोण किंमत विचारून निघून जातो, कोण परत बायकोला घेऊन येतो, एवढे टिपले तरी महिनाभराच्या वाचनाहून जास्त हाती लागते.

आता प्रवेशाचे वास्तव. पदवी संपताच थेट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेणाऱ्या जागा फार थोड्या, आणि त्या बहुतेक मोठ्या नावाच्या संस्थांच्या आवारातच भरल्या जातात. बाकीच्यांचा रस्ता बाजूच्या दाराने जातो: दोन ते चार वर्षे प्रोग्रामिंग, टेस्टिंग, ग्राहक सहाय्य किंवा बिझनेस ॲनालिस्टचे काम, आणि मग त्याच कंपनीत अंतर्गत बदली. ग्राहक सहाय्याला कमी लेखले जाते, पण दिवसाला चाळीस तक्रारी ऐकणाऱ्याला वस्तू कुठे दुखते हे इतर कोणाहून आधी कळते. बियाणे आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांत सुरुवात तालुक्यातल्या फिरतीने होते. कृषी पदवीनंतर हैदराबादच्या मॅनेज संस्थेतला कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला असेल तर मुख्यालयाचे अंतर कमी होते. एमबीए करायचेच असेल तर २०१५ मध्ये सुरू झालेले नागपूरचे आयआयएम घरापासून रात्रीत पोहोचण्यासारखे आहे. पण दोन वर्षे काम न करता केलेले एमबीए या पदासाठी अर्धेच उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरमधल्या जागा पुणे, बंगळुरू, मुंबई, हैदराबाद इथे आहेत. अमरावतीत राहून हे काम करणे शक्य असले तरी पहिली दोन-तीन वर्षे तरी इतरांच्या शेजारी बसूनच शिकावी लागतात. इंग्रजीची भीती जरा फुगवलेली असते. उच्चार वऱ्हाडी असल्याने कोणाचे अडत नाही. सुटसुटीत, गोंधळ न उडवणारे इंग्रजी एका पानात लिहिता आले नाही तर मात्र अडते, कारण निम्मे काम लिहूनच होते. ज्याला मराठीतही मुद्दा एका पानात बसवता येत नाही, त्याची अडचण भाषेची नसते.

दिवसाचे तुकडे होणे हे आणखी एक वास्तव. सकाळी अभियंत्यांची उभ्या-उभ्या बैठक, मग विक्रीवाल्यांची तक्रार, मग आकडे, मग वरिष्ठांना "का उशीर" याचे उत्तर. तीन तास सलग एका कामात बुडून जाण्यात ज्याला समाधान मिळते, तो इथे कोरडा पडतो. रोज चार जणांना नाही म्हणावे लागते, आणि उद्या त्याच चौघांकडून काम करून घ्यायचे असते. वऱ्हाडी माणसाला तोंडावर नाही म्हणणे जड जाते असे म्हणतात. तसे असेल तर ते शिकावे लागते, कारण सगळ्यांना हो म्हणणाऱ्याचे ॲप सहा महिन्यांत पसाऱ्याने भरते. घरच्यांना, आणि लग्नाच्या बैठकीत समोरच्यांना, काम नेमके काय हे सांगता न येणे हीसुद्धा रोजचीच गोष्ट आहे. तहसीलदार म्हटले की सगळे समजतात. या पदाला तशी खुर्ची नाही.

अभ्यासिकेसारख्या प्रयोगानंतरही मनाची तयारी अर्धवट असेल, तर आहे ती नोकरी न सोडता कंपनीतल्या प्रॉडक्ट मॅनेजरकडून एखादे सुटे काम मागून घ्यावे: दहा ग्राहकांशी बोलणे, एका बदलाचे टिपण, एका रिलीजनंतरचे आकडे. दोन रिलीज झाल्या की बहुतेकांना आपले उत्तर मिळते. सॉफ्टवेअरमधून गेलेल्याला वर्षभरात परत कोडिंगकडे वळता येते, मात्र तीन-चार वर्षांनी हात गंजतो आणि पगाराची पायरी खाली घ्यावी लागते. बियाण्यात आणि औषधांत परतीचा रस्ता विक्रीकडे जातो, आणि तो बराच काळ उघडा राहतो.